जुनी गिटार, व्हॉल्व्हचा अँप्लिफायर: काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही



आजचा विषय थोडा आवाजाचा आहे, थोडा विजेचा आणि थोडा पैशाचाही. जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि तिच्या जोडीचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घ्यावा का, घेतला तर सांभाळायचा कसा, आणि बिघडला तर दुरुस्ती कुठपर्यंत करायची, हे आज पाहू.

जर्मनीत राहणाऱ्या आपल्या लोकांना हा विषय वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. इथल्या फ्लोमार्क्टला, म्हणजे जुन्या बाजाराला, कपबश्या आणि पितळी दिव्यांच्या शेजारी अधूनमधून एक लाकडी खोका दिसतो. पुढून जाळीचं कापड, मागून डोकावलं तर काचेच्या नळ्या. शेजारी एखादी तपकिरी गिटार, डोक्यावर ‘हॉफनर’ किंवा ‘फ्रामुस’ लिहिलेली. विकणारे आजोबा म्हणतात, ‘अजून चालतो.’ किंमत खिशाला परवडेल अशी असते आणि हात आपोआप पाकिटाकडे जातो. त्या क्षणी काय तपासायचं, ते माहीत असलेलं बरं. कारण या खोक्यात फक्त सूर नसतो, चारशे व्होल्टही असतात.

मी पेशाने आयटी सल्लागार आहे. आमच्या कामात ‘लेगसी सिस्टिम’ नावाचं एक प्रकरण असतं. वीस-पंचवीस वर्षं इमानेइतबारे चालणारी जुनी प्रणाली. नवीन माणूस आला की त्याला वाटतं, हे सगळं काढून टाकू आणि नवं बसवू. जुन्या माणसाला वाटतं, चालतंय ना, मग कशालाच हात नको. दोघांचंही ऐकलं तर नुकसान होतं. शहाणपण एवढंच की झिजण्यासाठीच बसवलेले भाग वेळेवर बदलायचे आणि टिकण्यासाठी बनवलेल्या भागांना धक्का लावायचा नाही. जुन्या गिटारीचं आणि अँप्लिफायरचं सगळं शास्त्र याच एका वाक्याभोवती फिरतं. आता ते उलगडून पाहू.

एर्लांगनच्या पुढचं स्टेशन

आधी या गिटारी इथे इतक्या का सापडतात, ते पाहू.

एर्लांगनमध्ये आपले मराठी इंजिनिअर बरेच आहेत. तिथून बांबेर्गच्या दिशेने जाणाऱ्या एस-बानचं पुढचं स्टेशन म्हणजे बुबेनरॉइथ. छोटंसं गाव. पण युरोपातल्या गिटारींचा इतिहास लिहायचा तर या गावाला वगळून लिहिता येत नाही.

ही गोष्ट सुरू होते शेनबाख नावाच्या गावात. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचं नाव आहे लुबी. तिथे पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन आणि इतर तंतुवाद्यं बनत. कार्ल हॉफनर यांनी १८८७ मध्ये तिथेच आपला व्यवसाय सुरू केला. (जर्मन उच्चार ‘हेफ्नर’ असा आहे. पण गिटारवाले जगभर हॉफनर म्हणतात, म्हणून आपणही तसंच म्हणू.) दुसरं महायुद्ध संपलं आणि चेकोस्लोव्हाकियातल्या जर्मन भाषकांना देश सोडावा लागला. वाद्यं बनवणारी ही सगळी बिरादरी विस्कटली.

फ्रेड विल्फर नावाच्या माणसाने १९४६ मध्ये एर्लांगनला कंपनी काढली. तीच पुढे फ्रामुस म्हणून प्रसिद्ध झाली. विखुरलेल्या कारागिरांना एकत्र वसवण्याची खटपट सुरू झाली, आणि १९४९ मध्ये बुबेनरॉइथने त्यांना जागा दिली. गावाची वस्ती तेव्हा चारशेच्या आसपास होती. येणारे निर्वासित होते दोन हजारांच्या आसपास. पाहुण्यांची संख्या यजमानांच्या पाचपट! हॉफनरचा कारखानाही इथेच उभा राहिला.

आपल्याकडे मिरजेत काय झालं ते आठवा. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांचे हात एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे वळले आणि गावाची ओळखच बदलली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बुबेनरॉइथही तसंच. एका कौशल्याभोवती वसलेलं गाव.

आता व्यापाराची बाजू पाहा. पन्नासच्या दशकात ब्रिटनमध्ये अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते, ते १९५९ पर्यंत राहिले. फेंडर, गिब्सन ही नावं तिथल्या पोरांनी फक्त फोटोत पाहिलेली. ती पोकळी जर्मन गिटारींनी भरली. लंडनची सेल्मर कंपनी हॉफनर मागवून विकत असे. जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांच्या हातात सुरुवातीच्या काळात हॉफनरच होत्या. व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनरचा बास १९५६ मध्ये बाजारात आला आणि १९६१ मध्ये पॉल मॅकार्टनी यांनी तो हॅम्बर्गमध्ये घेतला. एक तर तो स्वस्त होता. शिवाय मॅकार्टनी डावखुरे, आणि हा बास दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता.

तो बास १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेला आणि पन्नासहून अधिक वर्षांनी एका माळ्यावर सापडला. तो मॅकार्टनींना परत मिळाल्याचं २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं. त्याच वर्षी मे महिन्यात लेनन यांची बारा तारांची फ्रामुस लिलावात सुमारे २९ लाख डॉलरला गेली. तीही माळ्यावरच सापडलेली. म्हणजे माळे झाडून घ्यायला हरकत नाही! पण गंमत बाजूला ठेवली तर लक्षात घ्या, ती किंमत लेनन यांच्या हाताची होती. तशाच बनावटीची साधी फ्रामुस आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात असते.

मूळ फ्रामुस कंपनी सत्तरच्या दशकात बुडाली. स्वस्त जपानी गिटारींपुढे तिचा टिकाव लागला नाही. १९९५ मध्ये विल्फर यांच्या मुलाने हे नाव पुन्हा जिवंत केलं. पण त्याआधीच्या तीस वर्षांत बनलेल्या हजारो गिटारी जर्मनीच्या घराघरांत पोहोचल्या होत्या. त्यांचे मालक आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि म्हणूनच त्या फ्लोमार्क्टला येतात.

काचेच्या नळीत काय चालतं

आता अँप्लिफायरकडे वळू.

आपल्या आजोबांच्या घरी मर्फी किंवा फिलिप्सचा मोठा रेडिओ असेल, तर व्हॉल्व्ह तुम्हाला नवा नाही. बटण फिरवलं की अर्धा मिनिट शांतता, मग हिरवा डोळा हळूहळू उजळायचा आणि मग बातम्या. ते अर्धं मिनिट लागायचं नळी तापायला.

नळीच्या आत निर्वात पोकळी असते. मध्ये एक तापणारा भाग, त्याच्यापासून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या बाजूला धातूची पट्टी, तिच्यावर शेकडो व्होल्टचा दाब, म्हणून इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. या दोघांच्या मध्ये एक बारीक जाळी असते. गिटारच्या तारेतून आलेला अगदी क्षीण संकेत त्या जाळीवर पोहोचतो आणि धावत्या प्रवाहाला कमीजास्त करतो. पाण्याच्या नळाची चावी जशी एका बोटाने फिरते आणि मोठा प्रवाह आवरते, तसंच. म्हणून तर तिला व्हॉल्व्ह म्हणतात.

ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये आला आणि साठ-सत्तरच्या दशकांत रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाला. गिटारवाल्यांनी मात्र तो सोडला नाही. कारण असं की व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त ताण दिला तर आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू दाटत जातो. स्वराच्या भोवती आणखी स्वर उमटतात. रेडिओ बनवणाऱ्याला हा दोष होता, गिटारवाल्याला तोच गुण वाटला.

(इथे ध्वनिमुद्रण: तीच गिटार, तोच स्वरमेळ. आधी आवाज कमी ठेवून, मग अँप्लिफायर पूर्ण उघडून.)

ऐकलंत? गिटार तीच आहे. बदल झाला तो नळीत.

व्हॉल्व्हवरची नावं गूढ वाटतात, पण युरोपीय पद्धत अगदी सरळ आहे. ईसीसी८३ हे नाव घ्या. पहिलं अक्षर ई म्हणजे तापवणाऱ्या तारेला ६.३ व्होल्ट लागतात. सी म्हणजे ट्रायोड, आणि दोनदा सी म्हणजे एका नळीत दोन ट्रायोड. आकड्यात सुरुवातीला ८ असेल तर नऊ पिनांचा छोटा पाया. ईएल३४ मध्ये एल म्हणजे ताकदीचा व्हॉल्व्ह, जो स्पीकर हलवतो, आणि ३ म्हणजे आठ पिनांचा मोठा पाया. रेडिओतला तो हिरवा डोळा ईएम८४ असतो. एम म्हणजे डोळा. एवढं कळलं तरी बाजारात उभ्या उभ्या खोक्याच्या आत काय आहे याचा अंदाज येतो.

एका अक्षराची धोक्याची सूचना

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा भाग लक्ष देऊन ऐका.

पन्नासच्या दशकात जर्मनीतली अनेक पोरं घरच्या रेडिओलाच गिटार जोडत. रेडिओच्या मागे ग्रामोफोनसाठी एक खाच असे, तिच्यात गिटारची वायर घातली की झाला अँप्लिफायर. आजही काही जण हौसेने हे करून पाहतात.

पण त्या काळी काही रेडिओ ट्रान्सफॉर्मरशिवाय बनत, एसी आणि डीसी दोन्हींवर चालावेत म्हणून. त्यांचा आतला धातूचा सांगाडा थेट विजेच्या वायरीला जोडलेला असतो. प्लग ज्या बाजूने बसेल त्यानुसार त्या सांगाड्यावर पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात. गिटारच्या तारा वायरीमार्फत त्याच सांगाड्याला जोडल्या जातात, आणि तारांवर तुमचे हात असतात. पुढचं सांगायला नको.

ओळखायचं कसं? व्हॉल्व्हचं नाव ‘यू’ अक्षराने सुरू होत असेल, म्हणजे यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५ अशी नावं दिसली, तर असा रेडिओ शोभेसाठी ठेवा. त्याला गिटार कधीही जोडू नका. भारतातही असे एसी-डीसी रेडिओ विकले गेले आहेत, तेव्हा गावाकडच्या जुन्या सेटलाही हाच नियम.

दुसरी सूचना कपॅसिटरची. आपल्याकडचे जुने रेडिओ मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणत. अँप्लिफायरमधले मोठे कपॅसिटर तीनशे ते पाचशे व्होल्टचा भार साठवतात आणि प्लग काढल्यानंतरही तो भार धरून ठेवू शकतात. म्हणून ‘प्लग काढलाय, आता उघडायला हरकत नाही’ हा समज जिवावर बेतू शकतो. मागची फळी काढून व्हॉल्व्ह पाहणं वेगळं आणि सांगाडा बाहेर काढून सोल्डरिंग करणं वेगळं. दुसरं काम ज्याला तो भार सुरक्षितपणे उतरवता येतो आणि उतरल्याची मीटरने खात्री करता येते, त्याचंच.

तिसरी सूचना प्लगची. जुन्या अँप्लिफायरला दोनच वायरींची दोरी असेल तर त्याला अर्थिंग नाही. पहिली दुरुस्ती तीच: तीन वायरींची दोरी, अर्थिंग सांगाड्याला पक्कं आणि योग्य फ्यूज. ‘मूळचं आहे, तसंच ठेवू’ हा हट्ट इथे नको. संग्राहकसुद्धा या बदलाबद्दल कुरकुर करत नाहीत.

अँप्लिफायर: काय झिजतं, काय टिकतं

आता आपल्या मूळ नियमाकडे येऊ.

झिजणारे भाग मोजकेच आहेत. एक, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांच्या आतला ओलावा वाळत जातो आणि वीस-पंचवीस वर्षांनी ते भरवशाचे राहत नाहीत. अँप्लिफायर घों घों करत असेल तर पहिला संशय यांच्यावर. दोन, पन्नासच्या दशकातले मेणकागदाचे कपॅसिटर. ते वीज गळू देतात आणि त्यामुळे ताकदीचे व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा जास्त तापतात. तीन, स्वतः व्हॉल्व्ह. ताकदीचे व्हॉल्व्ह भरपूर वाजवले तर काही वर्षांत उतरतात, छोटे ईसीसी८३ मात्र दशकानुदशकं चालू शकतात. चार, फिरवायची बटणं आणि खाचा, ज्यात धूळ बसून खरखर होते.

टिकणारे भाग म्हणजे ट्रान्सफॉर्मर, सांगाडा, खोका आणि बहुतेक वेळा स्पीकर. आवाजाचं आणि किमतीचं मर्म यांच्यात असतं, खास करून व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये. तो जळला तर दुरुस्तीचा खर्च अँप्लिफायरच्या किमतीला भिडू शकतो. म्हणून एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अँप्लिफायर कधीही वाजवायचा नाही. ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर हे सोसून घेतो. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा मात्र तोच ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

बाजारातून आणलेला, वीस-तीस वर्षं बंद पडून असलेला खोका घरी येताच प्लगमध्ये घालू नका. टेक्निशियन तो हळूहळू जागा करतो. व्होल्टेज थोडं थोडं वाढवत, किंवा आपल्या इलेक्ट्रिशियनसारखा सिरीजमध्ये बल्ब लावून. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि अँप्लिफायर वाचतो.

चालू असताना काय पाहायचं? नळीच्या काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ताकदीच्या व्हॉल्व्हमध्ये ती बऱ्याचदा असते. पण आतली धातूची पट्टी लाल व्हायला लागली तर लगेच बंद करा.

व्होल्टेजचाही मुद्दा आहे. जर्मनीत १९८७ पर्यंत २२० व्होल्टचं मानक होतं, आता २३० आहे. फरक साडेचार टक्क्यांचा. म्हणजे ६.३ व्होल्टच्या तारेला ६.६ मिळतात आणि आतले ४०० व्होल्ट ४१८ होतात. जगबुडी नाही, पण आधीच ताणावर चालणाऱ्या जुन्या भागांना हा जास्तीचा भार जाणवतो. काही अँप्लिफायरच्या मागे २२० आणि २४० असा निवडीचा खटका असतो. तो २४० वर ठेवलेला बरा.

नवे व्हॉल्व्ह मिळतात का? मिळतात. स्लोव्हाकियातल्या चाड्झा गावी जेजे कंपनी ते बनवते, रशिया आणि चीनमध्येही बनतात. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियन पुरवठा अडला तेव्हा भाव वाढले होते. जुन्यांपैकी टेलिफुंकनच्या व्हॉल्व्हला फार मागणी आहे, म्हणून नकलाही फार. काचेवर छापलेलं नाव पुसून दुसरं छापता येतं. पण टेलिफुंकनच्या ईसीसी८३ च्या तळाला, पिनांच्या मधोमध, काचेतच एक चौकटीच्या आकाराची खूण उमटवलेली असते. पैसे देण्याआधी नळी उलटी करून पाहा. आणि हो, आपल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एकेकाळी व्हॉल्व्ह बनवले. जुन्या सामानात ‘बीईएल’ छापलेली नळी सापडली तर फेकू नका.

गिटार: सतारीच्या भाषेत

गिटारीचं गणित सोपं आहे, कारण तिथे जिवाला धोका नाही. धोका आहे तो घाईत केलेल्या सुधारणेचा.

पहिली तपासणी दांडीची. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. फ्रेट म्हणजे सतारीचा पडदा, फक्त पक्का ठोकलेला. तार आता सरळ पट्टीसारखी झाली. मधल्या फ्रेटवर तिच्याखाली कागदाएवढी फट असेल तर उत्तम. मोठी फट असेल तर दांडी वाकली आहे. साठ सालाच्या आधीच्या बऱ्याच हॉफनर गिटारींच्या दांडीत कसून सरळ करता येणारी सळई नाही. म्हणजे वाक काढायचा तर फ्रेट उपटून लाकूड सपाट करावं लागतं आणि खर्च वाढतो. फ्रामुसच्या अनेक गिटारींची दांडी पातळ लाकडी थर चिकटवून केलेली असते, ती सहसा सरळ राहते.

दुसरी तपासणी पिकअपची. हे म्हणजे चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. मल्टिमीटरने मोजलं की काही हजार ओहम दिसले पाहिजेत. काहीच दिसलं नाही तर तार कुठेतरी तुटली आहे. तरीही पिकअप फेकायचा नाही, नव्याने गुंडाळून मिळतो.

तिसरी, सेल्युलॉइडची. जुन्या गिटारींच्या कडा आणि वरच्या मोतिया पट्ट्या सेल्युलॉइडच्या असतात. वय झालं की तो पदार्थ कुजतो, भुगा होतो, आणि त्यातून निघणाऱ्या वाफेने जवळचा धातू गंजतो. अशी पट्टी काढून वेगळी ठेवायची, गिटारच्या बंद पेटीत नाही.

झिजणारे भाग इथेही ठरलेले: तारा, फ्रेट, खुंट्यांचे मळकट दाते, आवाजाच्या बटणातली धूळ. ते खुशाल दुरुस्त करा. टिकवायचे भाग म्हणजे लाकूड, पिकअप आणि रंग. रंगाला तडे गेलेत, कोपरे उडालेत म्हणून गिटार नव्याने रंगवून घेणं ही सगळ्यात महाग हौस. मूळ रंग गेला की बाजारातली किंमत निम्म्यावर येऊ शकते. आजीच्या पैठणीचे काठ फिकट झाले म्हणून ती कोणी नव्याने रंगवत नाही, तसंच हे.

आणि हवा. जर्मन हिवाळ्यात हीटर चालू झाला की खोलीतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली जाते आणि लाकडाला चिरा पडतात. मुंबईच्या पावसाळ्यात उलट: गंज, बुरशी आणि सैल पडणारा सरस. लाकडाला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के मानवतं. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र घेतलं की काम भागतं, आणि गिटार हीटरच्या शेजारच्या भिंतीवर टांगायची नाही.

पैशाचा हिशेब

आता थोडं एमबीएचं डोकं चालवू. खरेदीची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. समजा, एक अँप्लिफायर साडेतीनशे युरोला मिळतोय, ‘चालतो’ एवढीच हमी. नवे कपॅसिटर, अर्थिंग, व्हॉल्व्ह आणि मजुरी मिळून तीनशे लागले, तर तो साडेसहाशेचा झाला. शेजारी दुसरा सहाशेला आहे, टेक्निशियनचं बिल आणि बदललेल्या भागांची यादी सोबत आहे. स्वस्त कोणता? दुसरा. म्हणून विकणाऱ्याला ‘चालतो का?’ असं विचारू नका. ‘शेवटचं काम कधी झालं आणि काय काय बदललं?’ हे विचारा.

दुरुस्तीला देताना तीन सवयी ठेवा. उघडण्याआधी आतले फोटो काढून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा, म्हणजे आवाज कशाने बदलला ते कळतं. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून परत मागा. उद्या विकायची वेळ आली तर त्या पिशवीलाही किंमत असते.

भारतात न्यायची असेल तर

जर्मनी आणि भारत दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे जर्मन अँप्लिफायर पुण्यात किंवा कोल्हापुरात ट्रान्सफॉर्मर न लावता चालतो, फक्त व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. अमेरिकन अँप्लिफायर मात्र १२० व्होल्टचा, त्याला उतरता ट्रान्सफॉर्मर लागतोच.

गिटारीच्या बाबतीत लाकडाचा कायदा पाहा. ब्राझीलचं शिसवी लाकूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार सर्वांत कडक यादीत आहे. जुन्या गिटारीच्या दांडीवरची पट्टी त्या लाकडाची असेल, तर युरोपीय संघाबाहेर नेताना कागद लागतात, आणि युरोपातल्या युरोपात विकतानाही प्रमाणपत्र लागतं. जर्मनीत हे काम बॉनचं संघराज्य निसर्गसंरक्षण कार्यालय पाहतं. आपलं भारतीय शिसवी लाकूडही २०१७ मध्ये नियंत्रणाच्या यादीत आलं होतं, पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलचं लाकूड दुर्मिळ झाल्यावर जगभरच्या गिटारवाल्यांनी भारतीय शिसवीच तर उचललं. म्हणजे परदेशी गिटारीच्या दांडीवर बोटं फिरवताना कदाचित दक्षिणेतल्या जंगलाचा तुकडा तुमच्या बोटांखाली असतो.

हे हात कुठे शोधायचे

शेवटचा प्रश्न: दुरुस्ती करणार कोण? गिटारीसाठी अजून काळजी नाही. तंतुवाद्य बनवण्याचं रीतसर शिक्षण जर्मनीत आजही मिळतं, आल्प्सच्या पायथ्याच्या मिटेनवाल्डमध्ये त्याची शाळा आहे. व्हॉल्व्हची गोष्ट वेगळी. रेडिओ-टीव्ही मेकॅनिक हा इथला जुना प्रशिक्षणक्रम १९९९ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी संगणकाकडे झुकलेला नवा अभ्यासक्रम आला. ज्यांनी व्हॉल्व्हवर हात बसवला ती पिढी निवृत्त झाली आहे. आपल्याकडेही तेच. लक्ष्मी रोडच्या आसपास किंवा लॅमिंग्टन रोडला असे कारागीर विचारत विचारत शोधावे लागतात.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्या शहरात असा एखादा म्हातारा टेक्निशियन सापडला तर त्याचा नंबर स्वतःपुरता ठेवू नका, मंडळात सांगा. आणि तुमच्या घरी सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल, हातात सोल्डरिंगची आवड असेल, तर एखाद्या शनिवारी त्याच्या दुकानात बसू देता का, विचारा. पुस्तकातून आकृती कळते. कोणत्या क्षणी हात मागे घ्यायचा, हे शेजारी बसूनच कळतं.

तर मंडळी, आजच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. अर्थिंग आणि कपॅसिटर यांत मूळपणाचा हट्ट नको. ट्रान्सफॉर्मर, पिकअप आणि रंग यांना उगाच हात नको. आणि ‘यू’ अक्षराच्या रेडिओला गिटार कधीच नको.

बुबेनरॉइथला वाद्यांचं एक संग्रहालयही आहे. कधी उघडं असतं ते आधी पाहून रविवारी मुलांना घेऊन जा. आणि येताना फ्लोमार्क्ट लागला तर आता काय विचारायचं ते तुम्हाला माहीत आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!